पानंच पानं

गेली तीन वर्षं आमच्या गच्चीवरच्या शेवंतीला पानं येताहेत.

"शेवंतीला पानं येणारच. त्यात लेख काय लिहायचा?" असं आपण म्हणाल. बरोबर आहे. पण शेवंतीला पानंच यायला लागली आणि पानांखेरीज दुसरं काही येईना, म्हणजे तिला शेवंती का म्हणायचं आणि मेथी का म्हणायचं नाही, असा प्रश्न पडतो. मेथीची निदान भाजी तरी होते.

आईचा हट्ट साधा होता. घरच्या शेवंतीचं एक फूल देवीला वाहायचं. आईनं आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. मी बँकेत लागावं असं तिनं एकदा मागितलं होतं. त्यावर तिचा कोटा संपला असं मी धरून चाललो होतो. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिनं हे फूल मागितलं, आणि मी एका रविवारी सहा कुंड्या, दोन पोती माती आणि शेवंतीच्या डझनभर काश्या घेऊन गच्चीवर चढलो. बी.कॉम.ला दुसरा वर्ग मिळवलेल्या माणसाला एक फूल काढता येऊ नये, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिल्या वर्षी झाडं कमरेइतकी वाढली. जो येई तो म्हणे, "वा! काय हिरवीगार झालीय हो!" दुसऱ्या वर्षी छातीइतकी वाढली. "वा! काय हिरवीगार!" तिसऱ्या वर्षी गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा राहिली नाही, आणि बायकोनं मला शेवंती आणि संसार यांतून एक निवडायला सांगितलं. दिवाळीला मी लक्ष्मी मार्केटच्या बाजूला जाऊन पाव किलो शेवंती विकत आणली आणि पिशवी पाठीमागे लपवून घरात शिरलो. आईनं पिशवी बघितली आणि काहीच बोलली नाही. शेजारचे काका मात्र जिन्यातून ओरडले, "पण झाड काय हिरवंगार आहे रे!"

मंडळी, माझं भांडण या 'हिरवंगार' शब्दाशी आहे. हा शब्द काही वर्षं तरी मराठीतून काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. एखाद्या गोष्टीला पाहिजे ते फळ येत नाही, पण ती दिसायला झकास दिसते, तेव्हा आपण 'हिरवंगार' म्हणतो आणि समाधानानं घरी जातो.

आमच्या गच्चीवर या हिरवेपणाचे चार पक्ष आहेत.

पहिला युरिया पक्ष. याचे अध्यक्ष शेजारचे काका. निवृत्तीनंतर त्यांना वेळ भरपूर आणि मूठ मोठी. "जरा जीव धरत नाहीये," असं म्हणून ते येताजाता कुंडीत चिमूटभर युरिया टाकायचे. त्यांच्या चिमटीत माझ्या दोन मुठी बसतात. दुसरा पाणी पक्ष. म्हणजे आमच्या घरातली सगळी मंडळी. जो गच्चीवर जाईल तो तांब्याभर पाणी घालणार, आणि खाली आल्यावर "मी घातलं" असं सांगणार नाही. तिसरा उजेड पक्ष. त्याच्याविषयी पुढे सांगतो, कारण त्यात पोलीस येतात. चौथा पक्ष दयेचा. झाडाचा कोवळा शेंडा खुडायला मी हात पुढे केला, की ही म्हणायची, "अहो, कोवळं आहे, कशाला तोडताय? पाप लागेल." मी पापाला आणि हिला सारखाच घाबरतो.

या चार पक्षांचं संयुक्त सरकार तीन वर्षं टिकलं. आपल्याकडे एवढं टिकणारं संयुक्त सरकार विरळाच!

ते पडलं ते बँकेच्या काउंटरवर. बेडगचे एक आबा दर सोमवारी पासबुक भरून घ्यायला येतात. त्यांचा पानमळा आहे. मिरजेच्या पूर्वेला आरग, बेडग, नरवाड या गावांचं खायचं पान वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. मी त्यांच्याजवळ माझं दुःख सांगितलं. आबांनी टोपी मागे सरकवली.

"पानी किती घालतासा?"

"रोज. कधी दोनदा."

"सावली?"

"आहे की. शेजारच्या टाकीची."

"खत?"

"युरिया. काका घालतात."

आबा मोठ्यांदा हसले. रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे बघितलं. "सायेब, आवो ह्यो पानमळा झाला की! आमी शेवरी-पांगाऱ्याची सावली करतो, वाफसा मोडू देत न्हाई, पेंड घालतो, का? तर आमाला पान इकायचं असतंय. तुमाला फूल पायजे आन् तुमी माज्यागत मळा करून बसलाय!"

माझ्या बी.कॉम.नं जे शिकवलं नव्हतं ते आबांनी पासबुकाच्या एका नोंदीएवढ्या वेळात शिकवलं. पान पाहिजे की फूल, हे आधी ठरवायचं असतं. दोन्ही भरपूर पाहिजे म्हटलं की पान जिंकतं, कारण पान काढणं सोपं असतं.

आणि मग मला आमच्याच मुलखात जागोजागी हा धडा दिसायला लागला. निपाणीकडे तंबाखूला कळी दिसली की शेतकरी शेंडा खुडून टाकतो. त्याला फुलाचं कौतुक नाही. फूल गेलं की झाडाची सगळी ताकद पानात उतरते आणि पान जाड होतं. तो स्वच्छ हिशेब आहे. उलट आमच्या मिरज-तासगावकडचा द्राक्षबागायतदार बघा. एप्रिलमध्ये तो बागेची खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. हिरवीगार बाग कात्रीनं बोडकी करताना त्याला कुणी "पाप लागेल" म्हणत नाही. पुढच्या हंगामाचा घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात तयार होतो हे त्याला पाठ असतं. तेव्हा काडीवर ऊन पडलं पाहिजे, शेंडा वेळेवर मारला पाहिजे, नत्र आणि पाणी हात राखून दिलं पाहिजे. छाटणीनंतर ऐन वेळी ढग, पाऊस आणि नत्र जास्त झालं तर घड जिरतो आणि त्याच्या जागी नुसती बाळी लोंबते. बाग लांबून हिरवीगारच दिसते. बागायतदार मात्र बांधावर डोक्याला हात लावून बसलेला असतो. त्याच्यासमोर जाऊन "वा, काय हिरवी!" म्हणून बघा. मी जाणार नाही.

मी आबांच्या सल्ल्यानं चारही पक्ष बरखास्त केले.

युरियापासून सुरुवात केली. युरियात ४६ टक्के नत्र असतं, आणि नत्राचं काम पानं वाढवणं. ते वाईट नाही. लहानपणी पाहिजेच. पण कळी धरायच्या वेळी पालाश लागतं, स्फुरद लागतं. मी हिला बँकेच्या भाषेत समजावलं, "नत्र म्हणजे चालू खातं आणि पालाश म्हणजे मुदत ठेव. नुसतं चालू खातं वापरून कुणी घर बांधत नाही." ही म्हणाली, "आपण दोन्हीतून बांधलं नाही." तो विषय तिथेच थांबला.

पण काकांचा दोष नाही. काका हे देशाच्या धोरणाला धरून चालतात. २०१० साली खतांचं अनुदान अन्नद्रव्यांच्या हिशेबानं द्यायचं ठरलं, तेव्हा युरियाला त्यातून वगळलं. बाकीची खतं महागली आणि युरियाचं ४५ किलोचं पोतं तीनशे रुपयांच्या आत बांधलेलं राहिलं. २०१५ मध्ये सगळ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा झाला. नत्र हळूहळू सुटावं आणि स्वस्त खत भलत्या कारखान्यांत जाऊ नये, हा हेतू. चांगलंच केलं. पण जी वस्तू सगळ्यांत स्वस्त आणि जिचा परिणाम आठ दिवसांत डोळ्यांना दिसतो, ती माणूस जास्तच टाकणार. पालाशचा परिणाम दिसायला फूल यावं लागतं. तेवढा धीर कुणाला आहे?

आता उजेड पक्ष आणि पोलीस.

आमच्या कोपऱ्यावर हायमास्ट दिवा लागला तेव्हा पेढे वाटले होते. त्या दिव्याखाली गल्लीतली मुलं रात्री अकरापर्यंत क्रिकेट खेळतात आणि आमच्या गच्चीवर पेपर वाचता येतो. शेवंतीही, पुढे कळलं, तिथे रात्रभर वाचतच बसत होती. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सलग मोठी रात्र मिळाली तरच ती समजते, की आता थंडी आली, कळी धरू या. मध्येच उजेड दिसला की तिची समजूत होते, की अजून पावसाळाच आहे, आणखी चार पानं काढू. अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी १९२० मध्ये हे शास्त्र मांडलं, तेही तंबाखूच्या एका वाणावरून. तो उन्हाळ्यात नुसताच उंच उंच वाढत होता आणि फुलायचं नाव घेत नव्हता. शेवंतीची मोठी शेती करणारे लोक तर मुद्दाम रात्री दिवे लावून झाड वाढवतात, आणि फूल पाहिजे तेव्हा काळं कापड टाकून तिला रात्र दाखवतात.

मी काळ्या कापडासाठी घर शोधलं. निघालं ते आजोबांचं घोंगडं. रोज संध्याकाळी सहाला कुंड्यांभोवती काठ्या रोवून वर घोंगडं टाकायचं आणि सकाळी सातला काढायचं, असा कार्यक्रम सुरू झाला.

त्याच सुमाराला आईनं गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात अंबाडी लावली होती. ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी म्हणजे आईचा जीव की प्राण. आता अंबाडीचं पान आपण पाहिलं असेल. हाताच्या बोटांसारखं फाटलेलं, कडेला करवत. शास्त्रज्ञांनीसुद्धा तिला हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी दिसणारी, असं नाव ठेवलंय. समोरच्या इमारतीतून कुणाला तरी एवढंच दिसलं, की बँकेतला तो गप्प माणूस संध्याकाळ झाली की गच्चीवर जातो, फाटक्या पानांच्या झाडांजवळ काहीतरी करतो आणि काळ्या घोंगड्यानं झाकून खाली येतो.

एका रविवारी सकाळी हवालदार दारात. ओळखीचे होते, पगाराचं खातं आमच्याच शाखेत. "साहेब, जरा गच्ची बघायची होती. कुणीतरी बोललंय." माझे पाय लटपटले. ज्या माणसानं आयुष्यात पाचशेची नोटसुद्धा उजेडात धरल्याशिवाय घेतली नाही, त्याच्या घरी झडती!

हवालदार वर आले. अंबाडीजवळ उकिडवे बसले. एक पान तोडलं, चावलं आणि तोंड आंबट केलं.

"अंबाडी आहे ही."

"हो."

"गांजाच्या पानाला एका देठावर सुट्या पाकळ्या असतात. हे एकच पान आहे, फाटलेलं. खोड बघा, काटेरी." ते उठले. "आणि घोंगड्याखाली काय?"

मी घोंगडं काढलं. हवालदारांनी शेवंती बघितली. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय हिरवीगार आहे हो!"

मग चहा झाला. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट अशी कळली की मी थक्क झालो. गांजाचं झाड लावणं हा गुन्हाच, एक लावा की शंभर. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे काय, तर झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांबरोबर नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे बघा, सरकारलासुद्धा पान आणि फूल यांतला फरक नेमका कळतो! जप्तीच्या वेळी सरकार फुलाचं वजन विचारतं. फक्त खतं देताना, बक्षिसं देताना आणि कौतुक करतानाच ते आणि आपण हिरवेपणावर भाळतो.

इंग्रज सरकारनंही या झाडाचा छडा लावायला १८९३ मध्ये आयोग नेमला होता. पुढच्या वर्षी अहवाल आला. सात खंड, तीन हजारांवर पानं. कुठल्याही सरकारी फुलोऱ्याला पानं किती येतात याचा दुसरा पुरावा नको.

जाताना हवालदारांनी अंबाडीची एक जुडी नेली. कायद्यानं हरकत नव्हती.

मला हसू आलं, पण रात्री झोप लागेना. मी स्वतःच्या बँकेचा विचार करायला लागलो. आम्ही चेकलासुद्धा पानच म्हणतो. साध्या कर्जाच्या फायलीला इतकी पानं असतात, की शेतकरी सह्या करताना मध्येच विचारतो, "सायेब, पैसं कुठल्या पानावर हायती?" मार्चअखेरीला खाती किती उघडली ते वर कळवायचं असतं, त्यांत कुणी पुन्हा पैसे भरले का ते कुणी विचारत नाही. मुलाच्या वह्या बघाव्यात तर पानंच्या पानं भरलेली. प्रकल्पाच्या वहीला रंगीत मुखपृष्ठ, आत शिक्षकांचा शेरा: 'छान'. "यातलं तुला काय कळलं?" विचारल्यावर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की आपण फुलाचं विचारलं ही चूकच झाली.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी आईला तावातावानं सांगत होतो. मला वाटलं ती हसेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझ्या मामाचं रान आठवतं का रे?"

आठवतं. कृष्णाकाठी, शिरोळच्या बाजूला, तीन एकर काळी. लहानपणी सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा ऊस इतका दाट, की आत गेलं तर आकाश दिसत नसे. मामा अभिमानानं सांगायचा, "पाण्याला तोटा न्हाई. सोडलं की सोडलं." रात्रभर मोटर चालू, पाटानं पाणी, वर खताची पोती. येणाराजाणारा रस्त्यावर थांबून म्हणायचा, काय हिरवंगार रान आहे! काळ्या जमिनीत मुरलेलं पाणी खाली अडून राहिलं, वर वर चढत आलं, उन्हात उडून गेलं आणि मीठ तेवढं वर ठेवून गेलं. आधी एका कोपऱ्यात पांढरा डाग दिसला. मामानं त्यावर आणखी पाणी आणि आणखी युरिया टाकला, कारण तेवढाच भाग हिरवा दिसत नव्हता. पुढे सगळं रान पांढरं पडलं. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी बघायला बाहेरून माणसं येतात. आता काही गावांत जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारं पाणी बाहेर काढतात आणि रानं हळूहळू सुधारतात. मामाच्या हयातीत ते झालं नाही. त्याच मिरजेतून २०१६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी गेलं, तेव्हा पेपरात गाडीचा फोटो बघून आई बराच वेळ गप्प बसली होती.

"हिरवं बघून फसला माझा भाऊ," आई म्हणाली. "रान आजारी होतं आणि लोक कौतुक करत होते."

त्यानंतर मी गच्चीवर कुणालाही कौतुक करू दिलं नाही.

जूनमध्ये नव्या काश्या लावल्या. कुंड्या टाकीच्या सावलीतून उन्हात ओढल्या. त्यात कंबर धरली, आठ दिवस मी काउंटरवर तिरका बसत होतो. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला, बगलेतून फांद्या फुटल्या, त्यांचेही खुडले. ही तोंड फिरवून उभी राहायची. ऑगस्ट संपल्यावर खुडणं बंद. पाणी माती वरून सुकल्याशिवाय नाही. तांब्या मी कुलपात ठेवला. काकांना युरियाऐवजी कुंड्यांतलं तण काढायचं काम दिलं. ते दोन दिवस आले. कळ्या दिसल्यावर एकेका दांड्यावर एकच ठेवून बाकीच्या काढल्या. तेव्हा मात्र माझाही हात थरथरला. घोंगडं रोज सहा ते सात.

झाड दिसायला काही खास राहिलं नाही. गुडघ्याइतकं, बुटकं, पानं मोजकी. काका जिन्यात थांबवून म्हणाले, "यंदा जरा रोडावलंय रे. चिमूटभर घालू का?" मी त्यांच्या दोन्ही हातांना धरून खाली सोडून आलो.

दिवाळी हुकली. शेवंतीला पंचांग समजत नाही. आईनं बाजारची शेवंती वाहिली, मी तोंड लपवून प्रसाद खाल्ला. पण मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी घोंगडं काढलं, तर एक फूल उमललेलं. पिवळंधमक, मुठीएवढं, पाकळ्या अशा गच्च, की मध्ये बोट जाईना. मी ते खुडायला हात नेला आणि मागे घेतला. आईला हाक मारली.

आईला जिना चढायला वेळ लागतो. ती वर आली, कुंडीजवळ वाकली. आधी पान उलटून बघितलं, मग माती चिमटीत चोळून बघितली, आणि मग फुलाकडे बघितलं. तिच्या बाजूनं मामाही बघत असावा असं मला उगाचच वाटलं.

तिनं फूल देवीला वाहिलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका गच्चीवर जाऊन आल्या. त्यांतल्या एक वहिनी खाली येताना हिला म्हणाल्या, "फूल छान आहे हो. पण झाडाला पानं कमीच दिसतात, नाही?"

ही माझ्याकडे बघत म्हणाली, "यांनी खुडली सगळी. यांना पाप लागत नाही."